बावन्न जागा

भिंग लावून मी ब्रेकच्या केबलचं कापलेलं टोक बघत होतो आणि आतल्या तारा टाचणीने एकेक करून बाजूला काढत होतो. सतरा, अठरा, एकोणीस. पुन्हा मोजल्या. एकोणीसच भरल्या.

"सर, काय मोजालायसा?" पलीकडच्या टेबलावरून चौगुले आक्कांनी विचारलं.

"तारा."

"त्या कशाला?"

"तार तुटू शकते ना, आक्का. म्हणजे चूक व्हायची तीही एक जागा झाली."

आक्का हसल्या. हात मात्र थांबले नाहीत. केबलचं टोक हुकात अडकवायचं, स्प्रिंगच्या काट्याची मूठ ओढायची, काटा लाल रेघेपर्यंत जाऊनही टोक जागचं हललं नाही की केबल उलटी करून दुसरं टोक. तेही टिकलं की टॅगवर त्यांच्या आडनावाच्या 'च' अक्षराचा शिक्का. हललं की केबल डाव्या हाताच्या टोपलीत. दिवसाला हजार केबली त्या अशा ओढायच्या.

"अकरा वर्सं ह्या केबली ओढतीय," त्या म्हणाल्या, "तार तुटल्याली एक बी बघिटली न्हाई. तुमी बघिटलीसा?"

"नाही."

"मग?"

मी कागदावर लिहिलं : तारा एकोणीस, टोकं दोन, जागा अडतीस.

ही दोन हजार एक सालची गोष्ट. मी सव्वीस वर्षांचा होतो आणि गोकुळ शिरगावच्या त्या कारखान्यात क्वालिटी विभागात मला दीड वर्ष झालं होतं. आम्ही मोपेडच्या ब्रेकच्या केबली करायचो. तारेच्या दोन्ही टोकांना जस्ताचा छोटा गोळा ओतून बसवलेला असतो, त्याला निपल म्हणतात. ब्रेक दाबला की सगळा ताण त्या निपलवर येतो. तो सरकला की ब्रेक संपला. आमच्या ओतायच्या भांड्याची उष्णता खालीवर व्हायची, त्यामुळे हजारात आठनऊ निपल ढिले निघायचेच. नवीन भांडं मागवा म्हणून मी तीनदा लिहून दिलं होतं आणि तिन्ही कागद आमच्या वर्क्स मॅनेजरांच्या, टिकेकर साहेबांच्या, टेबलावर पेपरवेटखाली सुखाने नांदत होते.

भांडं नव्हतं, पण आक्का होत्या. इंदुमती चौगुले, राहणार कणेरी, वय बेचाळीसच्या आसपास. त्यांच्या टेबलावरून गेलेली एकही केबल अकरा वर्षांत बाहेरून परत आली नव्हती. तरी त्या कायम नव्हत्या. कायम करावं लागू नये म्हणून दरवर्षी दोनशे तीस दिवस भरले की त्यांना ब्रेक मिळायचा, महिनाभर घरी बसायचं आणि परत यायचं ते नव्या नंबरचा बिल्ला लावून. अकरा वर्षांत अकरा नंबर झाले होते. नवीन आलेल्या पोरींना त्या काम शिकवायच्या, त्या पोरींतल्या दोघी पुढे कायम झाल्या आणि आक्का आपल्या तिथेच. मलाही केबल हातात धरायला त्यांनीच शिकवलं. पहिल्या आठवड्यात त्यांनी सांगितलं होतं, "चार जागा ध्यानात ठेवा सर. वरचा निपल, खालचा निपल, नळीची लांबी आणि टोकाची टोपी. ह्या चार सोडून कुठं काय हुईत न्हाई."

त्या वर्षी पुण्याच्या मोपेडवाल्या कंपनीने एक नवी पद्धत काढली. पुरवठादाराने आपल्या चुका मोजायच्या, पण नुसत्या नगावर नाही. एका नगात चूक व्हायच्या जागा किती ते धरायचं आणि दहा लाख जागांमागे चुका किती पडतात तो आकडा काढायचा. ज्याचा आकडा दोनशेच्या आत, त्याचा माल न तपासता थेट त्यांच्या लाइनवर. टिकेकर साहेबांनी जाहीर केलं की दसऱ्याच्या आत ही मंजुरी मिळाली तर तीन हंगामी माणसांना कायम करायचं. यादी फळ्यावर लागली. पहिलं नाव इंदुमती चौगुले.

मी प्रामाणिकपणे आकडा काढला. हजार केबली, चार जागा, म्हणजे चार हजार. त्यात चुका दहा. दहा लाखांमागे अडीच हजार.

टिकेकर साहेबांनी कागद बघितला आणि चष्मा काढून पुसला.

"मगदूम, जागा किती धरल्यात?"

"चार, साहेब."

"कोणी सांगितलं चार?"

"लाइनवर तेवढ्याच ठिकाणी चूक होते."

"होते आणि होऊ शकते, यात काही फरक आहे की नाही? इंजिनियर ना तुम्ही? केबलमध्ये काय चारच वस्तू आहेत? नीट मोजा."

"किती व्हायला हव्यात?" मी विचारलं. हा प्रश्न विचारायला नको होता, पण विचारला.

"ते मी कशाला सांगू? गणित तुमचं." त्यांनी चष्मा लावला. "दसरा सव्वीस ऑक्टोबरला आहे, एवढं मी सांगू शकतो."

जागेवर येऊन मी गणित उलटं मांडलं. चुका दहा, केबली हजार, आकडा दोनशेच्या आत हवा. जागा पन्नासच्या वर लागत होत्या. मग मी तारा मोजायला बसलो. तारांच्या अडतीस, आक्कांच्या चार, झाल्या बेचाळीस. आणखी दहा हव्या होत्या. नळीचा रंग, ग्रीस, टॅगची दोरी, टॅगवरचं छापील अक्षर, पिशवी, पिशवीची पिन, असं करत करत बावन्नपर्यंत गेलो. आकडा आला एकशे ब्याण्णव. खरं सांगतो, त्या क्षणी मला आनंद झाला. एखादं अवघड कोडं सुटावं तसा.

त्या तक्त्यावर तपासनिसाची सही लागायची. मी तो आक्कांकडे नेला.

"अडीच हजाराचं एकशे ब्याण्णव?" त्यांनी कागद लांब धरून वाचला. "भांडं नवं आलं का काय?"

"नाही."

"आज टोपलीत दहा पडल्या. काल अकरा. चुका हायत तेवढ्याच की."

"चुका तेवढ्याच आहेत, आक्का. जागा वाढल्या."

"जागा कशा वाढतील?"

मी समजावून सांगितलं. चूक व्हायची संधी, असा त्या पद्धतीतला शब्द होता. संधी जितक्या जास्त, तितका आकडा लहान. आक्कांनी सगळं ऐकून घेतलं. मग टोपलीतली एक केबल उचलून माझ्यासमोर धरली. निपल बोटाने ढकलला तर सरकत होता.

"आणि ही?"

"ती तुम्ही पकडलीत ना."

"मी पकडली. तुमच्या तक्त्यानं न्हाई पकडली." त्यांनी केबल खाली टाकली. "हे कुणाला फसवायला चालवलंयसा, सर?"

"तुम्हाला कायम करायला," मी म्हणालो.

मला ठाऊक होतं की या वाक्यापुढे त्यांना बोलता येणार नाही. तेवढ्यासाठीच ते मी राखून ठेवलं होतं. शेवटी त्यांनी पदराला हात पुसले, पेन मागून घेतलं आणि एकेक अक्षर जपून काढत सही केली. इंदुमती बापू चौगुले.

पुण्याहून एक अधिकारी आले. माझ्याच वयाचे, इस्त्रीचा शर्ट, हातात नवीन लॅपटॉप. बावन्न जागांची यादी त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचली आणि "फारच बारकाईने काम केलंत," असं म्हणाले. एकशे ब्याण्णवला बावन्नने गुणलं असतं तर पुन्हा हजारात दहाच केबली आल्या असत्या. पण कोणी गुणलं नाही. मंजुरी आली, पेढे वाटले गेले, टिकेकर साहेबांनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली. मी आक्कांकडे बघितलं. त्यांनीही पेढा घेतला होता आणि तो पदराच्या टोकाला बांधत होत्या.

आठ दिवसांनी टेबलासमोर नोटीस लागली. आपली प्रक्रिया आता एवढी उत्तम असल्यामुळे प्रत्येक केबल ओढून बघण्याची गरज नाही. दहांत एक ओढावी, शिक्का सगळ्यांवर मारावा. उरलेल्या वेळात तपासनिसाने पॅकिंगला मदत करावी.

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी आकड्याशी खेळलो होतो, आक्कांच्या टेबलाशी नाही, अशी माझी समजूत होती. मी टिकेकर साहेबांकडे गेलो.

"साहेब, ढिले निपल येतातच आहेत. आक्का पकडतात म्हणून बाहेर जात नाहीत."

"किती येतात?"

"हजारात आठनऊ."

"तुमचा तक्ता काय म्हणतो?"

मी पेपरवेटखालच्या माझ्या तीन कागदांकडे बघितलं.

"मगदूम, तक्ता खरा असेल तर नोटीस बरोबर आहे. तक्ता खोटा असेल तर तसं लिहून द्या, मी पुण्याला कळवतो." त्यांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. मी तो तसाच ठेवून बाहेर आलो.

नोटीस लागल्यावरही दोन दिवस आक्का सगळ्याच केबली ओढत होत्या. पॅकिंगचं काम तुंबायला लागलं.

"आक्का, दहांत एक," मी जवळ जाऊन सांगितलं.

"सर, मला बाकीच्या नऊ दिसत्यात की. कसं सोडू?"

"टिकेकर साहेबांनी बघितलं तर यादीतलं नाव कापतील. दसऱ्याला तीन आठवडे राहिलेत. तेवढे काढा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग हातातली केबल न ओढता तिच्या टॅगवर शिक्का मारला आणि पेटीत टाकली. पुढचीही तशीच. दहावी तेवढी हुकाला लावली.

दसऱ्याला नऊ दिवस असताना पुण्याहून फॅक्स आला. पाचशे केबलींच्या एकाच पेटीतल्या तीन केबलींचे निपल सुटले होते. दोन त्यांच्या कारखान्यातच गाडी चालवून बघताना सुटले, पण तिसरी केबल लावलेली गाडी विकली गेली होती. इस्लामपूरच्या एका बाईंचा उतारावर पडून हात मोडला होता. तिन्ही टॅगवर 'च' होता.

चौकशी टिकेकर साहेबांच्या केबिनमध्ये झाली. पुण्याचे तेच अधिकारी आले होते. मी त्यांच्या शेजारी बसलो होतो आणि आक्का उभ्या होत्या. बसा असं त्यांना कोणी म्हटलं नाही. मीही नाही.

"चौगुलेबाई," टिकेकर साहेब म्हणाले, "पाचशेच्या पेटीत किती ओढायच्या होत्या?"

"पन्नास."

"ओढल्या?"

"व्हय साहेब. पन्नास ओढल्या. एक ढिली घावली, ती काढली."

"मग ह्या तीन?"

"ह्या ओढायच्याच नव्हत्या की. दहात एक म्हणून तुमीच कागुद लावलाय."

टिकेकर साहेबांनी तक्ता उघडला. "हे बघा. दहा लाखांत एकशे ब्याण्णव. इतकी उत्तम प्रक्रिया असताना एका पेटीत चार केबली ढिल्या निघतील? शक्यच नाही. शक्य केव्हा आहे? भांड्यावर काही गडबड झाली असेल त्या दिवशी. आणि तशी झाली असती तर पन्नास ओढताना पाचसहा तरी सापडायला हव्यात. तुम्ही ओढल्याच नाहीत बाई. नुसते शिक्के मारलेत."

"न्हाई साहेब."

"ह्या तक्त्यावर सही कोणाची आहे?"

"माझी."

"म्हणजे आकडा तुम्हाला मान्य आहे."

आक्का गोंधळल्या. त्यांनी एकदा अधिकाऱ्यांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "साहेब, मला आकड्यातलं कळत न्हाई. खरं, पाचशात चार-पाच ढिल्या येत्यातच. रोज येत्यात. अकरा वर्सं मी सगळ्या ओढल्या, एक बी भाईर गेली न्हाई. ओढू नको म्हटल्यावर गेल्या. ह्येच्यात माझं काय चुकलं?"

पुण्याचे अधिकारी पहिल्यांदाच नीट बसले. "रोज येतात? पाचशेत चार-पाच?"

"सरांना इचारा की," आक्का म्हणाल्या. "सरांना सगळं म्हाईत हाय. एका केबलीत चूक किती जागी हुत्या, तेवढं इचारा. चारच जागी हुत्या. मीच शिकिवलंय त्येनला."

माझ्यासमोर पॅड होतं आणि हातात पेन होतं. काहीतरी करायचं म्हणून मी आकडे मांडायला लागलो. वर्षाला दोनशे तीस दिवस, अकरा वर्षं, दिवसाला हजार केबली. पंचवीस लाख तीस हजार. त्याला चारने गुणलं. एक कोटी एक लाख वीस हजार जागा. खऱ्या जागा, जिथे खरोखर चूक होते. त्यांच्या हाताखालून गेलेल्या या एवढ्या जागांत बाहेर पोचलेल्या चुका तीन, आणि त्या तीनही त्यांना ओढू दिल्या नव्हत्या. दहा लाखांमागे एकसुद्धा पुरता भरत नव्हता. त्या अख्ख्या कारखान्यात, आणि बहुधा पुण्यातल्याही कारखान्यात, असा आकडा कोणाचा नव्हता. तो माझ्या पॅडवर माझ्याच अक्षरात लिहिलेला होता.

"मगदूम," टिकेकर साहेब म्हणाले. आवाज अगदी साधा होता. "साहेबांना सांगा. एका केबलमध्ये चूक व्हायच्या जागा किती?"

चार म्हटलं असतं तर मंजुरी गेली असती. पुण्याचं काम गेलं असतं आणि त्याचं खापर माझ्यावर फुटलं असतं, कारण तारा मी मोजल्या होत्या. टिकेकर साहेबांनी आकडा कधी उच्चारलाच नव्हता. गणित माझं होतं. हे सगळं मला त्या वेळी लख्ख दिसत होतं. घाबरून गडबडलो, असं मी नंतर काही जणांना सांगितलं आहे. ते खरं नाही. मी घाबरलो होतो, पण गडबडलो नव्हतो.

"बावन्न," मी म्हणालो.

पुण्याच्या अधिकाऱ्यांनी मान हलवली आणि लॅपटॉपवर काहीतरी लिहून घेतलं. टिकेकर साहेबांनी तक्ता मिटला. आक्कांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्या खिडकीतून बाहेर बघत उभ्या राहिल्या आणि जा म्हटल्यावर गेल्या. मी पॅडवरचा कागद फाडून त्याचे तुकडे केले.

फळ्यावरच्या यादीत दसऱ्याच्या आदल्या दिवशी दोनच नावं राहिली. आक्कांना नेहमीसारखा ब्रेक दिला, फक्त या वेळी परत कधी यायचं ते सांगितलं नाही. मोपेड कंपनीला उत्तर गेलं ते मीच लिहिलं. प्रक्रियेत दोष आढळला नाही, मानवी हलगर्जीपणा होता, संबंधित व्यक्तीला कामावरून दूर केलं आहे. पुढच्या मार्चमध्ये मला बढती मिळाली आणि त्याच्या पुढच्या महिन्यात नवीन भांडंही आलं.

आक्कांच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी मी फाटकापाशी थांबलो होतो. बिल्ला जमा करून त्या बाहेर आल्या. हातात डबा होता आणि लाइनवर घालायची चप्पल होती. मी पुढे झालो. शिरोलीच्या एका कारखान्यात माझ्या ओळखीचे एक जण आहेत, त्यांना सांगतो, असं काहीतरी बोललो. त्यांनी ते पुरतं ऐकून घेतलं.

"नगो सर," त्या म्हणाल्या. "तिथं बी इचारतील, हितनं का काढलं म्हणून. तुमी काय सांगशीला?"

त्यांनी डबा काखेत धरला.

"चार म्हटलं असतं तर तुमची नोकरी गेली असती न्हवं?"

"गेली असती."

"मग झालं." त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. "मी बी सई केलीच की. मला कायम व्हायचं हुतं."

त्या रस्त्याकडे वळल्या, चार पावलं गेल्या आणि थांबल्या.

"सर, त्या इस्लामपूरच्या बाईंचा हात कुठला मोडला? उजवा का डावा?"

तक्रारीचा फॅक्स दोन पानी होता. त्यात बाईंचं नाव होतं, वय होतं, दवाखान्याचा दाखलासुद्धा होता. मी त्यातला पेटीचा नंबर आणि तारीख तेवढी उतरवून घेतली होती.

"माहीत नाही," मी म्हणालो.

"उजवा असंल तर भाकरी कशी थापत असंल," आक्का म्हणाल्या आणि कणेरीच्या रस्त्याला लागल्या.